बी-पिलरवर अडकलेली एअरबॅग आणि बाटलीतल्या थंड वायूचा हिशेब

हाय-स्पीड कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रफितीत एक फ्रेम आहे, ती मी आजवर किती वेळा पाहिली याची मोजदाद नाही. उणे ३५ अंशांवर कित्येक तास गारठवून आणलेली गाडीची बॉडी, छताच्या कडेतून खाली येणारी कर्टन एअरबॅग. मागचा कप्पा फुगून काचेला भिडला आहे, पुढचा अजून गुंडाळीतच आहे, आणि दोन्हींच्या मध्ये, बी-पिलरच्या (पुढच्या आणि मागच्या दारांमधल्या खांबाच्या) ट्रिमच्या, म्हणजे प्लास्टिकच्या आवरणाच्या, वरच्या कडेवर, बॅगेची घडी अडकली आहे. पुढच्या काही फ्रेममध्ये ती सुटते खरी, पण कापडाचा एक पट्टा ट्रिमच्या मागेच राहतो. चाचणीकक्षातल्या काकांनी ती ट्रिम काढून जपून ठेवली होती. कडेला प्लास्टिक वाकून पांढरं पडलेलं स्पष्ट दिसत होतं.

खोलीच्या तापमानाला आणि ८५ अंशांना हीच बॅग व्यवस्थित उघडली होती. थंडीतल्या तीन चाचण्यांपैकी एकीत अडकली. आणि आमचं सिम्युलेशन, म्हणजे संगणकावरची नक्कल, म्हणत होतं की ती कधीच अडकणार नाही.

हे प्रकरण त्या विसंगतीचं आहे. गुप्ततेच्या करारामुळे गाडी आणि पुरवठादार यांच्याबद्दल काही लिहिता येत नाही, आणि प्रकल्पातले आकडे गोल केले आहेत. वायूच्या गणिताचे आकडे मात्र कोणीही कागद-पेन्सिल घेऊन ताडून पाहू शकेल.

कर्टन एअरबॅगचं काम समोरच्या बॅगेपेक्षा वेगळं असतं. ती डोकं आणि काच यांच्या मध्ये पडद्यासारखी उतरते. खांबावर बाजूने आदळण्याच्या चाचणीत तर डोकं आणि लोखंडी खांब यांच्यामध्ये तिच्याशिवाय फारसं काही उरतच नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या कार्यक्रमात, ही खांबाची चाचणी ताशी २९ किलोमीटर वेगाने होते, आणि तीन किंवा अधिक तारे हवे असतील तर ती टाळता येत नाही. सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा मसुदा २०२२ मध्ये आला, पुढे ढकलला गेला आणि शेवटी सक्ती झाली नाही. तरी ताऱ्यांच्या ओढीने कर्टन बॅगा मधल्या किमतीच्या गाड्यांत शिरल्याच. ताशी २९ किलोमीटर म्हणजे सेकंदाला आठ मीटर, म्हणजे प्रत्येक मिलिसेकंदाला आठ मिलिमीटर. बॅग पाच मिलिसेकंद उशिरा आली तर खांब चार सेंटीमीटर जवळ आलेला असतो. दार आणि डोकं यांच्यात मुळात जागा किती असते ते एकदा गाडीत बसून हाताने मोजून पाहा.

जुनी पद्धत: सगळीकडे एकच दाब

आमचं पहिलं मॉडेल वर्षानुवर्षं चालत आलेल्या पद्धतीचं होतं. बॅग म्हणजे एक बंद पिशवी, तिच्यात प्रत्येक क्षणाला किती वायू आला, किती गळला, आकारमान किती झालं याचा हिशेब ठेवायचा आणि त्यावरून एक दाब काढून तो कापडाच्या प्रत्येक तुकड्यावर सारखा लावायचा. जनरल मोटर्समधल्या वांग आणि नेफ्स्के यांनी १९८८ मध्ये मांडलेलं रूप या घराण्यातलं सर्वांत परिचित. ही पद्धत वाईट नाही. पूर्ण फुगलेल्या बॅगेवर डमी (चाचणीतला माणसाचा पुतळा) आदळते तेव्हा आतला दाब खरोखरच जवळपास सारखा असतो, आणि त्या कामासाठी मी आजही तीच वापरीन. धावते पटकन, भांडण कमी.

पण उघडण्याच्या पहिल्या वीसेक मिलिसेकंदांत दाब सारखा नसतोच. आमच्या बॅगेत इन्फ्लेटर, म्हणजे वायू सोडणारा भाग, मागच्या बाजूला, छताच्या कडेत. तिथून एक लांब नळी पुढपर्यंत जाते आणि नळीच्या भोकांतून वायू एकेका कप्प्यात उतरतो. मागचा कप्पा तुडुंब भरतो तेव्हा पुढचा उपाशी असतो. एकच दाब मानणाऱ्या मॉडेलमध्ये मात्र बॅग पुढून मागून एकदम, एखाद्या शाळेतल्या कवायतीसारखी उघडते. त्यात बी-पिलरवर घडी अडकण्याचं कारणच उरत नाही, कारण अडकते ती दोन बाजूंच्या वेळेतल्या फरकामुळे. मागचा भाग खाली खेचतो, पुढचा अजून वर धरून ठेवतो, आणि मधला पट्टा तिरका होऊन ट्रिमच्या कडेवर घसरतो.

म्हणून आम्ही कणांच्या पद्धतीकडे वळलो.

दोन लाख गोट्या

एलएस-डायना हे सॉफ्टवेअर आमच्याकडे होतंच. त्यात वायू कणांच्या रूपात मांडण्याची सोय आहे. तिच्यामागे लार्स ओलोव्हसन यांचं काम आहे, आणि २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती वापरात आली. कल्पना मात्र फार जुनी. वायूचा दाब म्हणजे भिंतीवर आदळणाऱ्या असंख्य कणांचा मार, हे डॅनिएल बर्नोली यांनी १७३८ मध्येच मांडलं होतं. इथे ते शब्दशः घेतलेलं आहे. इन्फ्लेटरमधून कण सुटतात, एकमेकांवर आणि कापडावर लवचीकपणे आदळतात, आणि त्या आदळण्यातून कापड ढकललं जातं. वायू कुठे आहे, कुठे पोहोचला नाही, कुठल्या दिशेने जोर आहे, हे सगळं आपोआप येतं.

खरे रेणू अर्थातच मोजता येत नाहीत. आमच्या बॅगेत भरणारा वायू साधारण दोन मोल, म्हणजे १.२ गुणिले १० चा २४ वा घात इतके रेणू. कण घेतले दोन लाख. मग एक कण म्हणजे सहावर अठरा शून्यं एवढ्या रेणूंचा गठ्ठा. तीस लिटरच्या फुगलेल्या बॅगेत हे दोन लाख कण पसरले की दोन शेजाऱ्यांमधलं सरासरी अंतर पाच मिलिमीटरच्या वर जातं. खऱ्या वायूत ते काही नॅनोमीटर असतं. ही तफावत पुढे आम्हाला भोवली, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

आणखी एक बारकावा, जो मला या पद्धतीत मनापासून आवडतो. नायट्रोजनसारख्या दोन अणूंच्या रेणूची ऊर्जा सगळीच धावण्यात नसते, काही फिरण्यात असते. कण तर साधी गोटी आहे. म्हणून प्रत्येक कणाच्या खिशात ‘आतली’ ऊर्जा वेगळी ठेवलेली असते. खोलीच्या तापमानाच्या नायट्रोजनसाठी धावण्याचा वाटा ६० टक्के. हेलियम आणि आर्गॉन एकेकट्या अणूंचे, तिथे तो १०० टक्के. आमच्या इन्फ्लेटरमध्ये हे दोनच वायू होते, उच्च दाबाने बाटलीत भरलेले, बाटलीचं तोंड फोडायला एक छोटा स्फोटक. स्टिअरिंगमधल्या बॅगेसारखी जळून वायू देणारी वडी नाही.

माझ्याबरोबर काम करणारी कनिष्ठ सहकारी पहिला रन बघून घाबरली. कापडाच्या एका एलिमेंटवरचा (मॉडेलमधल्या छोट्या तुकड्यावरचा) दाब तिने आलेखात काढला होता आणि तो भूकंपमापकाच्या कागदासारखा दिसत होता.

“सर, मॉडेल फुटलंय का?”

फुटलं नव्हतं. हिशेब असा: आर्गॉनचे कण धरले तर पाच बाय पाच मिलिमीटरच्या एलिमेंटवर एका मिलिसेकंदात साधारण १६ कण आदळतात. सोळाचं वर्गमूळ चार, म्हणजे सोळात चारेक इकडे-तिकडे होणारच. पंचवीस टक्क्यांचा गोंगाट. तळहाताएवढी, शंभर चौरस सेंटीमीटरची जागा घेतली की आदळणाऱ्या कणांची संख्या ६,४०० होते आणि गोंगाट सव्वा टक्क्यावर येतो. एका एलिमेंटचा दाब विचारायचाच नाही, हा धडा तिला पाच मिनिटांत समजला. मला समजायला पहिल्या प्रकल्पात आठवडा लागला होता, पण तिला ते सांगितलं नाही.

साप समजून भुई धोपटणं

कणांचं मॉडेल चालू झालं, मागचा कप्पा आधी आणि पुढचा नंतर उघडू लागला. चित्र बरंच खरं वाटायला लागलं. तरीही बॅग अडकली नाही. उलट, पुढचा कप्पा चित्रफितीपेक्षा पाच-सहा मिलिसेकंद आधी खाली येत होता, आणि मधला पट्टा ट्रिमची कड सहज ओलांडून उडी मारत होता.

पहिला संशय घडीवर. कर्टन बॅग गुंडाळून छताच्या कडेत बसवतात तेव्हा गुंडाळीची दिशा महत्त्वाची असते. ती काचेच्या बाजूला उलगडावी अशी गुंडाळतात, म्हणजे डोकं खिडकीजवळ असलं तरी बॅग डोक्यावर न आदळता काच आणि डोकं यांच्या मधून सरकेल. मॉडेलमध्ये कापडाचे थर एकमेकांत घुसलेले असतील तर उलगडताना ते स्प्रिंगसारखे उसळतात आणि बॅग फसव्या वेगाने उघडते. आम्ही घडी पुन्हा घातली, घुसलेले थर सोडवले. फरक पडला, अर्ध्या मिलिसेकंदाचा.

दुसरा संशय कणांच्या संख्येवर. दोन लाखांचे दहा लाख केले. रन रात्रभराचा झाला, आलेख गुळगुळीत झाले, पुढचा कप्पा होता तिथेच. इथे एक कबुली द्यायला हवी. कण वाढवणं हा आमच्या धंद्यातला सर्वांत सोपा आणि सर्वांत आवडता उपाय आहे, कारण त्यात विचार करावा लागत नाही, फक्त संगणकांचा क्लस्टर मोकळा लागतो.

तिसरा संशय जास्त रंजक निघाला. २३ अंशांना हेलियमचा अणू सरासरी सेकंदाला सुमारे १,३६० मीटर वेगाने धावतो, आर्गॉनचा ४३० मीटर. तिपटीहून जास्त फरक. खऱ्या वायूत याने काही बिघडत नाही, कारण हेलियमचा अणू दर काही नॅनोमीटर ते काहीशे नॅनोमीटरला कोणावर तरी आदळतो. वारीच्या गर्दीत कितीही चपळ माणूस असला तरी तो दिंडीच्या चालीनेच पुढे सरकतो. पण आमच्या मॉडेलमध्ये गर्दीच नव्हती. कण एकमेकांपासून मिलिमीटरांच्या अंतरावर, त्यामुळे हेलियमचे हलके कण मोकळ्या रस्त्यावर सुटल्यासारखे नळीतून पुढे पळत होते आणि आर्गॉन मागे रेंगाळत होता. म्हणजे पुढच्या कप्प्यात खऱ्याहून आधी दाब.

पडताळा साधा होता. मिश्रणाच्या जागी सरासरी अणुभाराचा एकच कल्पित वायू घातला, एकूण मोल तेवढेच ठेवले. पुढचा कप्पा मिलिसेकंदभर मागे आला. हा दोष खरा होता आणि मिश्र वायूच्या कर्टन बॅगेत तो पाहायलाच हवा असं माझं मत आहे. पण उरलेले चार मिलिसेकंद?

सहा सेकंदांचा प्रश्न

गाडी अमेरिकेतही जाणार होती. तिथे गाडी उलटताना माणूस खिडकीबाहेर फेकला जाऊ नये यासाठी एक नियम आहे, एफएमव्हीएसएस २२६. त्यात बॅग उघडल्यानंतर दीड सेकंदाने आणि सहा सेकंदांनी १८ किलोच्या डोक्याच्या प्रतिकृतीने खिडकीच्या दिशेने मारा करतात, आणि ती ठरावीक रेषेच्या १०० मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर जाता कामा नये. म्हणजे कर्टन बॅगेने सहा सेकंद हवा धरून ठेवायची. म्हणूनच तिचं कापड सिलिकॉनचा थर दिलेलं असतं.

सहकारी जुन्या मॉडेलची फाइल चाळत होती. तिथे तिला कापडाच्या गळतीचा गुणांक दिसला.

“सर, एवढी गळती असेल तर ही बॅग सहा सेकंद टिकेल कशी?”

मी तिच्या मागे उभा राहून आकडा पाहिला. तो बॅगेचा नव्हता, गाळणीचा होता. हा आकडा कोणी टाकला हे शोधायला वेळ लागला नाही, फाइलीच्या इतिहासात माझंच नाव होतं. आधीच्या टप्प्यात स्थिर चाचणीतला अंतिम दाब मॉडेलमध्ये जास्त येत होता. तो जुळावा म्हणून मी गळती वाढवली होती. दाब जुळला, अहवाल गेला, मी विसरलो. कणांचं मॉडेल बनवताना आम्ही कापडाच्या प्रयोगातली खरी गळती घातली होती आणि त्यामुळेच बॅग फुगून फुटेल की काय इतकी कडक होत होती. ते आम्ही “अजून ट्यून करायचंय” म्हणून बाजूला ठेवलं होतं.

मग प्रश्न उलटा झाला. वायू जास्त का गळतो हा प्रश्न नव्हता. तो आत जास्त का येतो, किंवा जास्त ऊर्जा घेऊन का येतो, हा होता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. आमच्या आडात गरजेपेक्षा जास्तच होतं.

बाटली रिकामी होताना काय होतं

पुरवठादाराकडून इन्फ्लेटरची फाइल येते. तिच्यात दोन रकाने महत्त्वाचे: दर मिलिसेकंदाला किती वायू बाहेर पडतो, आणि त्याचं तापमान. आमच्या फाइलीत तापमानाचा रकाना सरळ रेषा होता. २३ अंशांच्या चाचणीसाठी २९६ केल्विन, उणे ३५ साठी २३८. शेवटपर्यंत तेवढंच. जळणाऱ्या वडीच्या इन्फ्लेटरसाठी एक सरासरी तापमान वापरायची पद्धत आहे आणि तिथे ती चालून जाते, कारण ते तापमान टँकमधल्या चाचणीवरूनच काढलेलं असतं. बहुधा तोच साचा थंड वायूच्या इन्फ्लेटरला लावला गेला होता, फक्त तापमानाच्या जागी खोलीचं तापमान भरून.

सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व दाबून हवा सोडा. बोटाला गार लागतं. बंद भांड्यातला वायू बाहेर पडू लागला की आत उरलेला वायू पसरतो, पसरताना काम करतो आणि त्याची किंमत स्वतःच्या उष्णतेतून मोजतो. हेलियम-आर्गॉनसाठी, बाहेरून उष्णता मिळाली नाही असं धरलं तर, तापमान दाबाच्या ०.४ व्या घाताच्या प्रमाणात घटतं. बाटलीतला दाब दहाव्या हिश्शावर आला की तापमान मूळच्या ४० टक्क्यांवर: २९६ केल्विनवरून सुमारे ११८ वर, म्हणजे उणे १५५ अंश. तोवर तीन-चतुर्थांश वायू बाहेर पडलेला असतो. उणे ३५ पासून सुरुवात केली तर आकडा ९५ केल्विनच्या आसपास जातो, जिथे आर्गॉन द्रव व्हायच्या वाटेवर असतो आणि आदर्श वायूचं गणित डळमळू लागतं. शेपटाकडच्या त्या भागावर आम्ही फारसा भरवसा ठेवला नाही. बॅग कुठे अडकणार हे त्याआधीच ठरून गेलेलं असतं.

ऊर्जेचा जमाखर्च मांडला की चूक आणखी ठळक होते. बाटलीत असलेली ऊर्जा ठरलेली आहे. ती सगळी बॅगेत आली तरी त्याहून जास्त येऊ शकत नाही. पण बाहेर पडणारा प्रत्येक मोल खोलीच्या तापमानाचा आहे असं सांगितलं की सॉल्व्हर (गणित सोडवणारा प्रोग्रॅम) त्याच्याबरोबर त्याला बाहेर ढकलण्याचं कामही जमा धरतो, आणि ते काम बाटलीतल्या उरलेल्या वायूच्या खात्यातून वजा होतच नाही, कारण मॉडेलमध्ये बाटली नाहीच. एकअणू वायूसाठी ही उधळपट्टी पाच-तृतीयांश पट, म्हणजे ६७ टक्के जास्त ऊर्जा. खरी बेरीज जुळायची तर आत येणाऱ्या वायूचं सरासरी तापमान मूळच्या ६० टक्के हवं: २९६ ऐवजी १७८ केल्विन.

हे सगळं टँक टेस्टने पहिल्याच दिवशी पकडलं असतं. इन्फ्लेटर एका कडक लोखंडी टाकीत फोडतात आणि आतला दाब मोजतात. कर्टनच्या इन्फ्लेटरसाठी अनेकदा २८.३ लिटरची टाकी असते, म्हणजे एक घनफूट. टाकी फुगत नाही, गळत नाही, घडी नाही, कापड नाही. तिथे चूक लपायला जागाच नसते. दोन मोल वायू, टाकीत आधीची हवा, सगळं २३ अंशांना. ऊर्जा जपली तर दाब वाढायला हवा सुमारे १७४ किलोपास्कल. सरळ रेषेचं तापमान दिलं तर गणित देतं सुमारे २६७. दीडपटीहून जास्त. पुरवठादाराच्या चाचणीचा आलेख अहवालाच्या परिशिष्टात होता, आमच्याकडे पडून होता, आणि तो पहिल्या आकड्याच्या जवळचा होता. आम्ही तो उघडून पाहिला नव्हता. कर्व्ह तयार आलाय, मग टाकी कशाला, असं मीच म्हणालो होतो.

दोन दिवसांत आम्ही बाटली रिकामी होण्याच्या गणितावरून वायूचा प्रवाह आणि घसरतं तापमान नव्याने काढलं, स्फोटकाची थोडी उष्णता मिळवली आणि फक्त टाकीचं मॉडेल चालवलं. दाब जुळला. मग टाकीच्या जागी बॅग. खरी गळती, एकच सरासरी वायू, सोडवलेली घडी, पाच लाख कण.

पुढचा कप्पा चित्रफितीच्या मिलिसेकंद-दीड मिलिसेकंदाच्या आत आला. आणि उणे ३५ च्या रनमध्ये मधला पट्टा तिरका झाला, ट्रिमच्या कडेवर घसरला आणि आत गेला. सहकारीने टेबलावर हात आपटला. एखादी बॅग अडकली म्हणून आनंदाने ओरडणारी माणसं मी दुसऱ्या कुठल्या व्यवसायात पाहिलेली नाहीत.

थंडीतच का, याचं उत्तरही आता उलगडलं. ८५ अंशांना बाटलीतला दाब उणे ३५ च्या तुलनेत सुमारे दीडपट असतो. जोर जास्त, त्यामुळे पट्टा कड ओलांडून जातो. थंडीत जोर कमी आणि त्यात ट्रिम पॉलिप्रॉपिलिनची. ती शून्याच्या आसपास ताठर व्हायला लागते आणि उणे ३५ ला सहज लवत नाही. खोलीच्या तापमानाला तीच कड बॅगेच्या धक्क्याने वाकून वाट देत होती. मॉडेलमध्ये ट्रिमचे गुणधर्म तापमानाप्रमाणे बदलले नव्हते तेव्हा पट्टा अडकायचा पण लगेच सुटायचा. बदलल्यावर तो आतच राहू लागला.

रॅम्प

उपाय काही नवा नव्हता. बी-पिलरच्या वर, छताच्या कडेला, एक प्लास्टिकचा उतार बसवतात. बॅग त्यावरून घसरत आतल्या बाजूला येते आणि ट्रिमच्या मागे जाऊ शकत नाही. तो आमच्या गाडीत होता, पण आखूड होता. ट्रिम काही मिलिमीटर आत आणि रॅम्प तेवढाच पुढे, अशी दोन-तीन रूपं आम्ही चालवली. स्टायलिंगवाल्यांशी ट्रिमच्या त्या काही मिलिमीटरसाठी झालेली बैठक सिम्युलेशनपेक्षा लांब चालली. शेवटी त्यांना चित्रफीत दाखवली.

रॅम्प लांबवल्यावर दुसरीच गोष्ट वर आली. ८५ अंशांच्या रनमध्ये बॅग रॅम्पवर जोरात आदळते, आणि लांब रॅम्पला जास्त तरफ मिळते. स्क्रूच्या बुडाशी प्लास्टिकवर ताण एवढा येत होता की ते तडकेल अशी भीती. हे एकसमान दाबाच्या मॉडेलमध्ये दिसलंच नसतं, कारण तिथे रॅम्पवर येणारा वायूचा झोत नसतोच, फक्त दाब असतो. बुडाशी दोन रिब (आधाराच्या फासळ्या) घातल्या, भिंत थोडी जाड केली. साच्यात बदल करावा लागला, त्यासाठी तीन आठवडे थांबलो.

नव्या भागांवर उणे ३५ च्या तीन, २३ च्या एक आणि ८५ च्या दोन चाचण्या झाल्या. काकांनी प्रत्येक वेळी ट्रिम उघडून दाखवली. कडेला पांढरं नव्हतं, रॅम्पला तडा नव्हता. मॉडेलमधला पुढचा कप्पा मात्र ८५ अंशांना अजूनही मिलिसेकंदभर आधी उघडतो. गुंडाळताना कारागीर हाताने कापडाला देतो तो ताण मॉडेलच्या घडीत नाही, असा आमचा अंदाज आहे. सध्या सहकारी बॅग गुंडाळणाऱ्या लाइनवर जाऊन, एका हातात ताणमापक घेऊन, तो मोजत बसली आहे.